नाक यंत्राचे, जीव माणसाचा

भांड्यांना कल्हई लावणारा आता दारावर क्वचितच दिसतो. त्याचे कथील मात्र प्रयोगशाळेत जाऊन बसले आहे आणि तेथे ते वायू ओळखायला शिकले आहे.

भट्टीत कथील तापवून त्याची वाफ करतात. सोन्याचे सूक्ष्म कण पसरलेल्या पट्टीवर ती पोचली, की सोन्याच्या वितळलेल्या थेंबात शिरते आणि थोड्याशा प्राणवायूच्या संगतीने थेंबाखाली ऑक्साइडची तार वाढू लागते. गवताच्या पात्याने दवबिंदू डोक्यावर घेऊन वाढावे, तशी. थेंबाची ही युक्ती वॅगनर आणि एलिस यांनी १९६४ साली सिलिकॉनवर उलगडून दाखवली होती. तार इतकी बारीक, की अशा शेकडो तारा शेजारी शेजारी ठेवाव्यात, तेव्हा कुठे केसाची जाडी भरेल.

आकारमानाच्या मानाने तारेचा पृष्ठभाग फार मोठा. त्यामुळे हवेतला जरासा बदलही तिच्यातून वाहणाऱ्या विजेवर उमटतो. पण नेमका कोणता वायू आला, हे नुसत्या तारेला नीट सांगता येत नाही. म्हणून तिच्यावर तांब्याच्या ऑक्साइडचे कण बसवतात. ते विजेची वाट अडवून धरतात. हायड्रोजन सल्फाइड आला, की त्यांचे सल्फाइड होते, अडसर निघतो आणि वीज धावते. स्वच्छ हवेत तापवले, की कण पुन्हा पूर्ववत होतात.

सामान्य वाचक विचारील, याचे आम्हांला काय? हा वायू म्हणजे गटारातला सडक्या अंड्यांचा वास. त्याचा कावा असा, की प्रमाण वाढले म्हणजे तो नाकच बधिर करतो. वास गेला, धोका टळला, असे वाटते आणि माणूस कोसळतो. पुष्कळदा त्याला काढायला उतरलेला दुसराही.

संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तरी मृत्यू थांबले नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम दहा लाखांवरून तीस लाख केली.

तेव्हा असे नाक मॅनहोलच्या तोंडाशी हवेच. माझी धास्ती वेगळी आहे. उद्या मुकादम म्हणेल, ‘दिवा हिरवा आहे, उतर.’ यंत्रही दमट हवेत फसते, जुने होते. बँकेत एकाने मोजलेली रोकड दुसरा पुन्हा मोजतो. या यंत्राचीही ठरावीक मुदतीने तशीच पडताळणी हवी. गाळ उपसण्याचे काम मात्र यंत्रानेच करावे.

या नव्या नाकाने ‘उतरू नको’ एवढेच सांगावे. ‘उतर’ म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी देऊ नये.