विश्लेषण : तेलापेक्षा पाणीच जास्त! टेक्सासच्या तेलविहिरींतले खारे पाणी जिरवायचे तरी कुठे?

अमेरिकेतील पर्मियन खोरे हा जगातील सर्वाधिक तेल देणाऱ्या प्रदेशांपैकी एक. पश्चिम टेक्सास आणि आग्नेय न्यू मेक्सिको असा पसरलेल्या या भागातून रोज ६० लाख बॅरलहून अधिक तेल निघते. बातम्यांत येतो तो हा आकडा. मात्र याच विहिरींतून रोज सुमारे २ कोटी बॅरल खारे आणि विषारी पाणीही वर येते. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. म्हणजे हे पाणी झाले रोजचे जवळपास ३२० कोटी लिटर. मुंबई महापालिका सात तलावांतून संपूर्ण शहराला रोज पुरवते, त्या पाण्याच्या साधारण चार-पंचमांश. फरक इतकाच की हे पाणी पिता येत नाही, शेताला देता येत नाही आणि नदीत सोडता येत नाही. ते खोल पुरले तर जमीन हादरते, उथळ पुरले तर जुन्या विहिरींतून उसळते. आता ते शुद्ध करून वापरण्याची तयारी सुरू आहे. त्यातून नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

हे पाणी येते कुठून?

पर्मियन हे नाव सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या भूवैज्ञानिक कालखंडाचे. त्या काळी इथे समुद्र होता. तो आटला, पण त्याचे पाणी खडकांच्या सूक्ष्म छिद्रांत तेल आणि वायूसोबत अडकून राहिले. विहीर खणली की तेलाबरोबर तेही वर येते.

शेल खडकातून तेल काढण्यासाठी फ्रॅकिंग केले जाते. पाणी, वाळू आणि रसायनांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडतात. त्यातले काही पाणी सुरुवातीला परत येते, त्यामुळे सांडपाणी म्हणजे फ्रॅकिंगचेच पाणी असा समज आहे. प्रत्यक्षात विहिरीच्या एकूण आयुष्यात वर येणारे बहुतेक पाणी त्या प्राचीन समुद्राचे असते. पर्मियनमध्ये एका बॅरल तेलामागे सरासरी तीन ते चार बॅरल पाणी निघते. विहीर जसजशी जुनी होते, तसे तेल कमी आणि पाण्याचा वाटा जास्त, असे बहुतेक तेलक्षेत्रांत घडते.

त्यात असते काय?

सर्वात आधी मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पर्मियनच्या पाण्यात ते अनेकदा लिटरला १०० ग्रॅमच्या वर जातात. त्याशिवाय बेरियम, स्ट्रॉन्शियम, अमोनिया, कर्करोगाला कारण ठरणारे बेंझिन, काही ठिकाणी विषारी हायड्रोजन सल्फाइड आणि खडकातून विरघळून आलेले किरणोत्सारी रेडियम. वर फ्रॅकिंगच्या रसायनांचे अंश. यातल्या काही रसायनांची नावे कंपन्या ‘व्यावसायिक गुपित’ म्हणून जाहीर करत नाहीत आणि पाण्यात सापडणाऱ्या अनेक घटकांसाठी सरकारमान्य चाचणी पद्धतच उपलब्ध नाही.

तरीही अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात हा ‘धोकादायक कचरा’ नाही. तेल आणि वायूच्या उत्खननातील कचऱ्याला १९८० मध्ये संसदेने तात्पुरती सूट दिली आणि १९८८ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) ती कायम ठेवली. हेच पाणी एखाद्या रासायनिक कारखान्यातून आले असते, तर त्याला बरेच कडक नियम लागू झाले असते.

आतापर्यंत त्याचे काय करत होते?

जुन्या पद्धतीच्या तेलक्षेत्रांत याचे उत्तर सोपे होते. ज्या थरातून तेल आणि पाणी काढले, त्याच थरात पाणी परत ढकलायचे. त्यामुळे दाब टिकतो आणि उरलेले तेल विहिरीकडे सरकते. ईपीएच्या नोंदींनुसार अमेरिकेत तेल आणि वायू उद्योगाच्या अशा सुमारे १ लाख ८० हजार विहिरी आहेत. त्यातल्या बहुतेक अधिक तेल काढण्यासाठी वापरल्या जातात. केवळ विल्हेवाटीसाठीच्या विहिरी साधारण एक-पंचमांश.

शेलमध्ये हे गणित फिसकटले. शेल इतका घट्ट असतो की त्यात पाणी परत मुरतच नाही. म्हणून पाणी एका थरातून काढायचे आणि भलत्याच थरात भरायचे, अशी पद्धत पडली. एक थर रिकामा होत जातो, दुसरा फुगत जातो. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ इथे आहे. काही कंपन्या हेच पाणी पुढच्या विहिरीच्या फ्रॅकिंगसाठी वापरतात आणि ते स्वागतार्हही आहे. मात्र निघणारे पाणी त्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पाणी पुरल्याने भूकंप कसा होतो?

जमिनीखालच्या खडकांत जुने प्रस्तरभंग असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंवर ताण असतो, पण घर्षणामुळे ते जागच्या जागी घट्ट बसलेले असतात. एकमेकींवर दाबून धरलेल्या दोन फळ्यांच्या फटीत जोराने पाणी शिरले की पकड सैल होते, तसेच इथे घडते. पाणी ताण निर्माण करत नाही, साठलेल्या ताणाला वाट करून देते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध शिवाजीसागर जलाशयाशी जोडला जातो. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांचे जगातील सर्वात ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ आजही कोयनेकडे पाहतात. योगायोग असा की त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, अमेरिकेत डेन्व्हरलाही भूकंप झाला. तिथे लष्कराच्या रासायनिक कारखान्याने १९६२ पासून सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडायला सुरुवात केली होती. धक्के जाणवू लागल्यावर १९६६ मध्ये ते थांबवले. पण तिथला सर्वात मोठा धक्का बसला तो त्यानंतर वर्षाहून अधिक काळाने. नळ बंद केला म्हणून आत गेलेला दाब लगेच ओसरत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो विसरल्याची किंमत ओक्लाहोमाने मोजली. २००९ पूर्वी या राज्यात ३ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला एखाद-दुसरा होत. २०१५ मध्ये अशा भूकंपांची संख्या ९०० च्या घरात गेली. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. राज्याच्या इतिहासातील तो सर्वात मोठा भूकंप. नियामकांनी विहिरी बंद केल्या, पाण्याचे प्रमाण कमी करायला लावले आणि पुढच्या वर्षांत भूकंपांची संख्या झपाट्याने खाली आली. कारण कुठे होते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

मग टेक्सासने काय केले?

टेक्सासमध्ये तेल उद्योगावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे नाव आहे ‘रेलरोड कमिशन’. रेल्वेशी तिचा आता संबंध उरलेला नाही, नाव तेवढे राहिले. मिडलँड आणि ओडेसा परिसरात धक्के वाढल्यावर २०२१ च्या अखेरीस या संस्थेने तिथल्या ठरावीक पट्ट्यात खोल विहिरींत पाणी सोडणे थांबवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी पश्चिमेला ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तिथेही निर्बंध आले. कंपन्या साहजिकच उथळ थरांकडे वळल्या.

हे आगीतून उठून फुफाट्यात पडण्यासारखे झाले. शंभर वर्षांच्या उत्खननाने या भागाची चाळण झाली आहे. मालक परागंदा झालेल्या, कुणी न बुजवलेल्या बेवारस विहिरी टेक्सासमध्ये आठ हजारांहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत. उथळ थरांत दाब वाढला की पाणी नेमके त्यांतून वाट काढते. २०२२ च्या सुरुवातीला क्रेन काउंटीत एका जुन्या विहिरीतून खाऱ्या पाण्याचा उंच फवारा उडू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रीव्ह्ज काउंटीतील टोयाह गावाजवळ तसेच घडले. हे पाणी जिथे पसरते, ती जमीन पिकाच्या आणि चराईच्या कामाची राहत नाही. त्याहून मोठी भीती भूजलाची आहे, कारण या कोरड्या प्रदेशातील पशुपालक आणि छोटी गावे विहिरीच्या पाण्यावरच जगतात. वाढलेल्या दाबामुळे आपल्या तेलविहिरींत पाणी घुसते, अशी तक्रार आता तेल कंपन्याही करतात. अखेर २०२५ मध्ये रेलरोड कमिशनने नव्या परवान्यांसाठी दाबावर मर्यादा घातल्या आणि आजूबाजूच्या जुन्या विहिरी तपासण्याची कक्षा पाव मैलावरून अर्धा मैल केली.

पाणी शुद्ध करून का वापरत नाहीत?

दुष्काळी टेक्सासला हा विचार मोहात पाडणारा आहे. तंत्रज्ञानही आहे. पण साधा हिशेब मांडून पाहू. लिटरला १०० ग्रॅम धरले तरी एका बॅरलमध्ये सुमारे १६ किलो क्षार. २ कोटी बॅरलमध्ये रोज ३ लाख टनांहून अधिक. दहा टनी ट्रकांत भरायचे ठरवले तर रोज ३२ हजार ट्रक. सगळे पाणी शुद्ध केले, तर हा डोंगर ठेवणार कुठे? अर्धेच पाणी काढून घेतले, तर उरलेले दुप्पट खारे होते आणि ते पुन्हा पुरावेच लागते. शिवाय असे शुद्धीकरण जमिनीत पाणी सोडण्यापेक्षा अनेक पट महाग आहे.

कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत तेलविहिरींचे पाणी १९९० च्या दशकापासून शेतीला दिले जाते, हे उदाहरण हमखास पुढे केले जाते. मात्र तिथले पाणी मुळातच खूप कमी खारे आहे आणि ते इतर पाण्यात मिसळून दिले जाते. पर्मियनशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

नवा कायदा काय म्हणतो?

टेक्सासमध्ये जून २०२५ मध्ये ‘हाऊस बिल ४९’वर गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी सही केली. तेलविहिरीचे पाणी नियमांनुसार शुद्ध करून विकणाऱ्या किंवा वापरणाऱ्या कंपन्यांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून या कायद्याने बरेच संरक्षण दिले. घोर निष्काळजीपणा, हेतुपुरस्सर केलेले गैरकृत्य किंवा कायद्याचा भंग असेल तरच ते निघून जाते. शुद्ध केलेले पाणी पेकोस नदीच्या खोऱ्यात सोडण्यासाठी काही कंपन्यांनी अर्जही केले आहेत.

समर्थकांचा मुद्दा असा की जबाबदारीची टांगती तलवार असेल तर कुणी गुंतवणूकच करणार नाही. तो अगदीच चुकीचा नाही. पण ज्या पाण्यात नेमके काय आहे हे तपासण्याच्या पद्धतीच अपुऱ्या आहेत, त्या बाबतीत ‘नियम पाळले’ हा बचाव शेतकऱ्याच्या किती कामाचा? दहा वर्षांनी जमीन खारावली, तर कंपनीने त्या वेळचे नियम पाळले होते एवढेच त्याला ऐकवले जाईल.

भारतात काय स्थिती आहे?

मुंबई हाय हे आपले सर्वात मोठे तेलक्षेत्र समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथे मीठ ही अडचण नाही, तेलाचा अंश ही अडचण आहे. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात तेल लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा आपला नियम आहे. ही मर्यादा पंचाण्णव टक्के नमुन्यांसाठी आहे आणि कोणत्याही नमुन्यासाठी १०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादाही आहे. जमिनीवर सोडायच्या पाण्यासाठी क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. पर्मियनचे पाणी याच्या जवळपास पन्नासपट खारे. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात निघालेले पाणी पुन्हा तेलाच्या थरात सोडले जाते, म्हणजे जुनी आणि तुलनेने सुरक्षित पद्धत तिथे चालते. शेलमधून मोठे उत्पादन भारतात अजून सुरू झालेले नाही. ते कधी करायचे ठरले, तर किती तेल मिळेल याच्या आधी पाणी कुठे जाईल हे विचारावे लागेल.

खरा प्रश्न कोणता?

भारतीय तेलशुद्धीकरण कंपन्या जे अमेरिकी तेल घेतात, त्यात ‘डब्ल्यूटीआय मिडलँड’ हे तेल याच खोऱ्यातले असते. त्याच्या किमतीत खणण्याचा आणि वाहतुकीचा खर्च असतो. हादरलेली घरे, खारावलेली शेते, बेवारस विहिरी बुजवायला लागणारा सरकारी पैसा यांचा हिशेब त्यात नसतो. आतापर्यंतचा प्रत्येक उपाय पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणारा ठरला. जो तेल काढतो त्यानेच पाण्याचा पूर्ण खर्च आणि पूर्ण जबाबदारी उचलावी, हा नियम झाला तर कदाचित काही विहिरी परवडणारही नाहीत. पण त्या आज परवडतात त्या कुणाच्या जिवावर, हे तेव्हा तरी उघड होईल.