डासांची गुणसूत्रे आणि सत्तेची सूत्रे

पनवेलजवळच्या सुकापुरात शेतांच्या जागी इमारती आल्या आणि त्यांच्यामागोमाग प्रत्येक वाढत्या वस्तीचे जुने दुखणेही आले. नळाचा भरवसा नाही म्हणून भरून ठेवलेली पिंपे आणि बांधकामांवर साचलेले पाणी! डेंग्यूचा एडिस डास याच पाण्यात वाढतो. या दुखण्यावर प्रयोगशाळेतील डासाचा उतारा सुचवणारा एक पंथ निघाला आहे.

जानेवारी 2017 मध्ये जालना जिल्ह्यातील दावलवाडीत ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या डासांच्या चाचण्या उघड्यावरील पिंजऱ्यांत सुरू झाल्या. नर डास चावत नाही. त्याच्यात घातक जनुक घातले की त्याची बहुतेक संतती प्रौढ होण्याआधीच मरते. हिशेब नीटनेटका आहे, पण निसर्ग व्यापाऱ्याच्या खातेवहीप्रमाणे चालत नाही.

एडिसमध्ये गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात. एका गुणसूत्रावर शेजारी असणारी जनुके बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. परंतु बीजपेशी घडताना जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात आणि ही सोबत तुटते. त्यामुळे जगलेल्या थोड्या संततीतून घातक जनुक पुढे गळून पडले, तरी त्या वाणाची इतर जनुके स्थानिक डासांत राहू शकतात. ब्राझीलमधील जाकोबिना येथे 2013 ते 2015 या काळात दर आठवड्याला सुमारे साडेचार लाख नर सोडले गेले. तेथील डासांत असा संकर झाल्याचे संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या लेखातील काही अनुमानांवर 2020 मध्ये त्याच नियतकालिकाने आक्षेपही नोंदवला. तेव्हा 'राक्षसी डासां'ची आरोळी ठोकणे हा अडाणीपणा ठरेल. पण 'काहीच मागे राहत नाही' ही ग्वाहीही तितकीच पोकळ आहे.

मग हा धोका पत्करण्याचा अधिकार कोणाचा? दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने, अमेरिकी पैशावर चाललेला डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प संसदेच्या लोकलेखा समितीच्या ताशेऱ्यांनंतर 1975 मध्ये बंद झाला. तेव्हाचा प्रश्नही हाच होता.

म्हणून समाजवाद्यांची मागणी स्पष्ट असली पाहिजे. डास सोडण्यापूर्वी संपूर्ण माहिती मराठीत ग्रामसभेपुढे यावी, तपासणी स्वतंत्र शास्त्रज्ञांनी करावी आणि नुकसानीची जबाबदारी कंपनीने लेखी पत्करावी. आणि त्याहीआधी नियमित पाणी, वाहती गटारे व पुरेसे आरोग्य कर्मचारी मिळावेत. ज्या सत्तेला नळ देता येत नाही, तिने जनुकांच्या गोष्टी सांगू नयेत. सुकापूरच्या पिंपांवरील झाकणापासूनच कार्यकर्त्यांनी हा लढा सुरू करावा.