मरण विसरलेल्या पेशी

जालन्याचा मोसंबी बागायतदार आंबे बहारासाठी झाडाचे पाणी तोडतो. ताण बसला की झाड पाने गाळते आणि पुन्हा पाणी मिळताच नवतीसह फुलते. ही पानगळ म्हणजे नुकसान नव्हे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. पेशींच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूला १९७२ मध्ये नाव देताना शास्त्रज्ञांनी पानगळीचाच ग्रीक शब्द निवडला : अ‍ॅपॉप्टोसिस.

माणसाच्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी अशा गळतात. कोणती जगेल, कोणती जाईल हे काही प्रथिने ठरवतात. ‘बीसीएल-२’ मृत्यू अडवून धरते, ‘बॅक्स’ तो घडवून आणते. ‘पी-५३’ हा पहारेकरी. डीएनए बिघडला की तो पेशीचे विभाजन थांबवतो आणि दुरुस्ती होणार नसेल, तर तिला मरायला लावतो. पेशी अकाली मरू लागल्या तर पार्किन्सनसारखे आजार दिसतात. मरायच्या पेशी मेल्याच नाहीत, तर कर्करोग.

आता गालातल्या गुटख्याकडे वळू. तंबाखूतील रसायने तोंडाच्या पेशींचा डीएनए बिघडवतात आणि त्या तडाख्यात पी-५३ चे जनुकही सापडते. मुखकर्करोगात सर्वाधिक वेळा बिघडलेले आढळणारे जनुक हेच. पहारेकरीच नाहीसा झाला की बिघडलेली पेशी मरत नाही, वाढत राहते. केमोथेरपी आणि किरणोपचारही बऱ्याच अंशी पेशीच्या याच मृत्यूयंत्रणेच्या भरवशावर चालतात. त्यामुळे काही गाठी उपचारांना दाद देत नाहीत.

रक्ताच्या काही कर्करोगांत बीसीएल-२ चा अडसर काढणारे ‘व्हेनेटोक्लॅक्स’ आले. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मुखकर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत पी-५३ पूर्ववत करणारे औषध मात्र नाही. जालन्याचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेला काय किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात, भिस्त मुख्यतः शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपीवरच.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरी साठे पकडल्याच्या बातम्या काही थांबत नाहीत! पुडी मिळत राहणार असेल, तर निदान तोंड तरी वेळेवर तपासले जावे. तिशीपुढच्यांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. तिला एक टॉर्च आणि काही मिनिटे पुरतात. गालात न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणे, तोंडात आपलीच तीन बोटे उभी न मावणे, यातले काहीही दिसले तर दाखवायला गाठ येण्याची वाट पाहू नये.