परसदारी मधमाशीलाही जागा हवी



ऊस, उतारा आणि भाव यांवर आपण नेहमीच बोलतो. आज थोडे परसदाराविषयी.

गेल्या साली आमच्या परसात लाल भोपळ्याचा वेल मांडवभर पसरला. फुले ढीगभर, पण फळे बोटाएवढी झाली की पिवळी पडून गळायची. मंडळी म्हणाल्या, "खत कमी पडलं असेल." खत घातले, पाणी वाढवले; उपयोग शून्य! मग डोक्यात उजेड पडला. भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी. फूल पहाटे उमलते, दुपारच्या आत मिटते. तेवढ्यात माशीने पराग नेला तरच फळ धरते. आणि मी वेलाजवळच्या वांग्यांवर रोज उठून सकाळीच औषध मारत होतो! दोष वेलाचा नव्हता, माझा होता.

आपल्या भागात अडचण आणखी मोठी. नजर जाईल तिकडे ऊस. पण उसाच्या तुऱ्यात मध नाही, त्याचे काम वाऱ्यावर चालते. बांधावरची करंज, बोर आपण तोडली, उरलेली रानफुले तणनाशकाने घालवली. मग माशीने जावे कुठे?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, ऊसपट्ट्यात परसबाग ही नुसती हौस नव्हे, ते माशीचे कुरण आहे. शेवगा, लिंबू, तुळस लावा. कोथिंबीर, मोहरी सगळी उपटू नका, चार रोपे फुलावर येऊ द्या. उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवा, म्हणजे माशी बुडत नाही. फवारणी करावीच लागली तर दिवस मावळताना करा. भिंतीच्या पोकळीत सातेरीचे पोळे दिसले तर टेंभा लावू नका. पेटीत भरणारा जाणकार बोलवा. आग्या मोहोळाच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये.

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' झाले. आपल्याला तेवढी मजल मारायची नाही. पण कारखान्याने बेणे देताना प्रत्येक सभासदाला शेवग्याचे एक रोप दिले, तर काय बिघडेल? संचालक मंडळाने विचार करावा.

यंदा मी सकाळचा पंप बंद केला. मांडवावर आजमितीस अकरा भोपळे आहेत. कुणीही येऊन मोजावेत!

— एक ऊस उत्पादक सभासद