घरची डिश, कोपीवरची डिश

दसरा सरला की ऊसतोडीला निघालेल्या, तळावर झोपडीत म्हणजे कोपीत राहणाऱ्या मजुरांचा माझ्या दुकानात एकच प्रश्न येतो : "दादा, घरची डिश कोपीवर चालंल का?" चालते. बीडचं गाव असो की कोल्हापूरचा फड, डीडी फ्री डिशचा उपग्रह तोच, जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. छत्री आग्नेयेकडे वळवायची, समोर झाड नको. खांब मात्र ओळंब्यात सरळ हवा. तो कलला की दिवसभर फिरवा, सिग्नल सापडत नाही. मग पडद्यावरची पट्टी बघत छत्री बोटभर सरकवायची. महिन्याचं भाडं नाही, त्यामुळं हंगामापुरती दुसरी डिश घेऊ नका. ट्रॉलीतून नेताना छत्रीसमोरचा एलएनबी काढून गोधडीत गुंडाळा.

अडतं ते विजेवर. गेल्या हंगामात एका तळावर मी छत्री लावून दिली, पण टीव्ही लावायला वीजच नव्हती. शाळा सुटलेली पोरं अंधारात बसली होती. सरकारच्या पीएम ई-विद्या उपक्रमाच्या शालेय वाहिन्या याच डिशवर दिसतात. ज्यांच्या कोयत्यावर गाळप चालतं, त्यांना एवढंही नाकारणं अन्याय आहे. साखर कारखान्यांनी यंदा टोळ्या पोचण्याआधी प्रत्येक तळावर विजेचं मीटर बसवावं आणि एक लोखंडी खांब रोवून ठेवावा. छत्री मी फुकट लावून देईन.