रिकामी बैठक



गाण्याची आवड मला पूर्वीपासून आहे. परंतु भजने, नाट्यपदे आणि जुनी चित्रपटगीते यांच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. गिटार आणि ड्रम आले की केवळ गोंगाट, हे मत मी न ऐकताच बनवून ठेवले होते. माल न पाहता भाव ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. येथे मी स्वतः तेच करीत होतो.

दिवाळीनंतर दुकानात मालाची मोजदाद चालू होती. शटर अर्धे ओढल्यावर पुतण्याने मोबाइलवर एक गीत लावले. ठाणांचे आकडे लिहिता लिहिता माझा हात थांबला. ते 'मा रेवा' होते. रेवा म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी नर्मदा. लोकगीताची ती सरळ चाल, तिच्याभोवती तबला आणि गिटार. मी म्हणालो, "पुन्हा लाव." पुतण्याने चकित होऊन माझ्याकडे पाहिले.

वाद्यवृंदाचे नाव 'इंडियन ओशन'. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवता वाजवताच गाणारे असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत तो सुरू केला. पुढे बास गिटारवादक राहुल राम आणि ड्रमवादक अमित किलम येऊन मिळाले. राहुल राम हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टरेटधारक. नर्मदा आंदोलनात ते वावरले आणि नदीचे हे गीत त्यांना त्या खोऱ्यातच लाभले. २००० साली 'कंदिसा' या संग्रहात ते आले. त्याच संग्रहातील 'कंदिसा' हे शीर्षकगीत केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेची प्राचीन प्रार्थना आहे.

पुढे वाचता वाचता एका ओळीपाशी मी अडलो. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती निवर्तले. ज्या आवाजाने माझा हात थांबवला होता, तो पंधरा वर्षांपूर्वीच शांत झाला होता.

वाचकहो, आमचे थोरले बंधू जाऊन दोन वर्षे झाली. गिऱ्हाइकाचे बोलणे, भावाची घासाघीस आणि उधारीची आठवण हे सारे त्यांच्याकडे, खतावणी माझ्याकडे. त्यांच्या पश्चात त्यांची बैठक मी रिकामीच ठेवली होती. पुतणे त्यांचा मुलगा असूनही काउंटरवर उभ्याने काम करीत. पुतणीने दुकानात येण्याची इच्छा दोनदा बोलून दाखवली, तेव्हा "पाहू" म्हणून मी विषय टाळला. ते मला आदराचे वाटत होते.

म्हणूनच मी पुतण्याला विचारले, "मग आता हे बंद पडले असेल?"

"नाही काका, पुढच्या महिन्यात आपल्याकडेच येताहेत. चलता?"

आम्ही तिघे गेलो. दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकून मैदानावर पोहोचलो. पिकल्या केसांची माणसेही बरीच दिसली, तेव्हा संकोच थोडा कमी झाला. बास गिटारचा पहिला स्वर कानांआधी छातीत जाणवला. अमित किलम यांनी मध्येच गबगुबी हाती घेतली. आपल्या चौंडक्याचीच ती बहीण, काखेत धरून तार छेडायची. ड्रममागचा माणूस हे वाद्यही वाजवतो, याचे मला अप्रूप वाटले.

असीम यांच्या जागी मात्र दोघे होते. हिमांशू जोशी गात होते आणि तुहीन चक्रवर्ती तबल्यावर होते. एका माणसाचे काम वाटून दोघांना दिले गेले होते. सुस्मित सेन हेदेखील २०१३ मध्ये बाहेर पडले. गिटार आता निखिल राव यांच्या हाती. म्हणजे ज्या दोघांनी पेढी उघडली, त्यांपैकी मंचावर एकही नव्हता.

'मा रेवा' सुरू झाले. प्रथम मी त्या जुन्या आवाजाचाच शोध घेत राहिलो. हिमांशू यांचा गळा निराळा आहे आणि त्यांनी नक्कल करण्याचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्या आवर्तनात सारे मैदान गाऊ लागले. शेजारी पुतणी गात होती. तिला ते संपूर्ण पाठ होते; हे मला ठाऊक नव्हते. मग मी शोधणे सोडले आणि ऐकू लागलो.

परतताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. असीम यांचा आवाज असलेल्या '१६/३३० खजूर रोड' या संग्रहातील गीते २०१० मध्ये त्यांनी इंटरनेटवर विनामूल्य दिली. करोल बागेतील ज्या जुन्या घरात ते सराव करीत, त्याचाच हा पत्ता. व्यापारी म्हणून मला प्रथम ते पटले नाही. नंतर वाटले, मागे राहिलेले सारेच कुलूपबंद ठेवायचे नसते.

सोमवारी दुकान उघडल्यावर पुतण्याला मी बैठकीवर बसण्यास सांगितले आणि फोनवरच्या मागण्यांची वही पुतणीकडे दिली. पुतण्या क्षणभर उभा राहिला. मग त्याने तक्क्या उचलला आणि दाराच्या बाजूला, उजेडात ठेवला. बंधू कधीच तेथे बसत नसत. मला आत कळ आली. जोरात बोलावेसेही वाटले. मी खतावणी उघडली आणि तारीख घातली.

तेवढ्यात पहिले गिऱ्हाईक आले. "या, बसा," तो म्हणाला. त्याच्या पद्धतीने.