कुत्री गावाबाहेर सोडून प्रश्न का सुटत नाही? उत्तर लांडग्याजवळ आहे

शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील भटकी कुत्री पकडून निवारागृहात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. महाराष्ट्र असो, कर्नाटक असो की गोवा, आदेश सगळ्यांनाच लागू. पण एवढी निवारागृहं आहेत कुठं? मग जुना उपाय पुढं येतो: गाडीत घाला आणि लांब माळावर सोडून या. जनावरच ते, जगेल कुठंही, असा त्यामागचा हिशेब. तो इथंच चुकतो.

डबा उघडेना तेव्हा

हंगेरीतील बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लू असल्यापासून माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे आणि पाळीव कुत्री यांना आधी खाणं मिळवायला शिकवलं. नंतर तेच खाणं कितीही धडपड केली तरी निघणार नाही, अशी व्यवस्था केली. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी थोडी खटपट केली आणि मागं वळून मालकाच्या तोंडाकडं पाहिलं.

ऑस्ट्रियातील लांडगा संशोधन केंद्रात उलटी बाजू दिसली. दोरीची दोन टोकं दोघांनी एकाच वेळी ओढली तरच खाणं मिळणार होतं. लांडग्यांच्या जोड्यांना ते जमलं, कुत्र्यांच्या जोड्यांना जवळपास नाहीच. हा अभ्यास २०१७ चा.

यावरून कुत्रा मठ्ठ ठरत नाही. निदान १४ हजार वर्षांच्या सहवासात त्याची अक्कल माणसाच्या दिशेनं वळली, एवढाच अर्थ. पोटही बदललं. भात-भाकरीतला स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये स्पष्ट झालं.

हे फक्त घरच्या कुत्र्याचं नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या, कुणीही न शिकवलेल्या कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवून एकाकडं बोट दाखवलं. जवळ आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री बरोबर त्याच भांड्याकडं गेली. मात्र जवळपास निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. माणसाचा वाईट अनुभव हे त्यामागचं कारण असू शकतं, असं संशोधकांना वाटतं.

माळावर काय होतं

असं जनावर माळावर सोडलं की ते लांडगा होत नाही. ते माणूस शोधतं: ढाबा, कोंबड्यांच्या टाकाऊ मालाचा ढीग, मेंढ्यांचा वाडा. आणि माळ रिकामा नसतो. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातील बंकापूरला लांडग्यांसाठी अभयारण्य आहे. एका बाजूला लांडगा राखायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या माळावर रेबीज, डिस्टेंपर घेऊन कुत्री सोडायची, हा उफराटा कारभार झाला. २०२३ च्या नियमांतही नसबंदी आणि लस देऊन कुत्रं मूळ जागीच सोडायचं आहे. नोव्हेंबरच्या आदेशाने ठराविक आवारांपुरता अपवाद केला, पण तिथली कुत्रीही निवारागृहात न्यायची आहेत, माळावर नव्हे.

गोव्याचा धडा

चावा खाल्लेल्या पोराच्या आई-बापाला लांडग्याचं शास्त्र सांगून भागणार नाही, हेही खरं. त्यांना सुरक्षितता पाहिजे. ती कशी मिळते ते गोव्यानं दाखवलं. दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस, शाळाशाळांतून माहिती आणि संशयित कुत्र्यांवर पाळत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथं कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले.

रेबीज थांबला तरी चावे उरतातच. त्यासाठी नसबंदी आणि कचरा ही दोन कामं टळत नाहीत. मटण मार्केटमागचा ढीग रोज भरत असेल, तर आज नेलेल्या दहा कुत्र्यांच्या जागी उद्या दुसरी दहा येणार.

तेव्हा नगरसेवकाला "किती कुत्री पकडली?" एवढंच विचारून थांबू नये. किती जणांची नसबंदी झाली, लस किती टक्क्यांना मिळाली, पकडलेली कुठं ठेवली आणि मार्केटचा कचरा रात्री उचलला जातो का, या चार गोष्टींचा हिशेब मागावा. कुत्रं माणसाच्या तोंडाकडं बघून चालतं. माणसानं आपल्या उकिरड्याकडं बघितलं, तर निम्मं काम होईल.